वीरभद्रप्पांचा वर्ग आणि भिंतीपलीकडचा माग

"शेजारी काय चाललंय, सांग बघू?"

वीरभद्रप्पा हे एवढंच वाक्य दर रविवारी इतक्या वेळा म्हणायचे, की नव्या पोराला वाटावं, म्हातारा गल्लीतल्या बातम्या गोळा करतोय. पोरगं आपल्या वाद्यात मान घालून रंगलेलं असायचं. अप्पा मध्येच हात वर करून सगळ्यांना थांबवायचे आणि नेमकं त्यालाच विचारायचे. शेजारी म्हणजे त्याच्या उजव्या हाताला बसलेला. तो कुठल्या सुरावर होता, श्वास कुठं घेतला, हात कुठं जड पडला, हे सांगता आलं तर ठीक. नाही आलं तर त्या दिवसापुरतं वाद्य पिशवीत जायचं आणि पोरानं शेजाऱ्यासाठी हातानं ताल धरून बसायचं.

"स्वतःचं काय चाललंय ते समद्यांनाच कळतंय की," अप्पा म्हणायचे. "त्याला वर्ग कशाला पायजे?"

सोलापुरात बाळीवेशीच्या मागं एक बोळ आहे. त्या बोळात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ही खोली होती. खाली सायकलचं दुकान, वर अप्पांचा वर्ग, आणि वर्गाच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना. खोलीत एक सतरंजी, कोपऱ्यात पाण्याचा माठ, भिंतीवर खुंट्या आणि खुंट्यांवर पोरांच्या पिशव्या. आजही बाळीवेशीतून जाताना माझे पाय आपोआप त्या बोळाकडं वळतात. आधी तेलाचा वास येतो, मग सायकलच्या ट्यूबचा, आणि मला वाटतं आता वरून अप्पांचा आवाज येईल.

मी सांगोल्याकडचा. आमच्या वाडीत मेंढरं, शेरडं आणि अलीकडं लावलेली थोडी डाळिंबं. माझे वडील येडू मेंढरामागं पावा वाजवायचे. त्यांच्या मागं तो पावा वळचणीला पडून होता. माझा धाकटा भाऊ जोतिराम, त्याची थोरली पोर सृष्टी. तिनं तो पावा लहानपणीच हुडकून काढला आणि माळावर बसून वाजवायला लागली. पोरगी वाजवायची असं, की चरणारं जनावर मान वर करून बघायचं. हे मी चुलता म्हणून सांगत नाही, वाडीतलं कुणीही सांगेल.

पण शाळेच्या गॅदरिंगला ती उभी राहिली आणि बासरीतून नुसती हवा आली. पुढची पोरं हसली. सृष्टी रडत खाली उतरली. जोतिराम म्हणाला, "मेंढरापुढं वाजवायचं तर शिकायला पैशे कशाला घालायचे? ठिवा ती बासरी." शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन अप्पांच्या वर्गाचं नाव सांगितलं. पुढच्या रविवारी मी पोरीला घेऊन सांगोल्याहून एसटीनं सोलापूर गाठलं.

अप्पा तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. पांढरं धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळाला भस्माच्या तीन रेघा. बोलणं मराठीच, पण मध्येमध्ये कन्नडचा हेल. त्यांनी सृष्टीकडं बघितलं.

"एकटी वाजवतीस व्हय?"

"व्हय. मेंढरामागं."

"मेंढरं हसत न्हाईत, ते एक बरं असतंय," अप्पा म्हणाले. "हितं बस. आज वाजवू नको. ह्या सोमलिंगच्या शेजारी बस आणि तो काय करायलाय ते मला सांग."

सोमलिंग तबल्यावर होता. अंगानं भरलेला, तोंडानं त्याहून भरलेला. तो लगेच म्हणाला, "अप्पा, मी काय करतो ते सांगायला तिला वर्ष लागंल."

"तुला स्वतःला अजून कळलं न्हाई बे," पेटीवरची सिद्धेश्वरी म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. ही सिद्धेश्वरी तिथली सगळ्यात थोरली, कॉलेजात जाणारी, बारीक आवाजाची. सतारीवर शिवराज असायचा, तो बोलायचाच नाही. अजून दोघंतिघं होती. त्या दिवशी सृष्टी संध्याकाळपर्यंत गप्प बसून ऐकत राहिली. परतीच्या एसटीत मात्र ती झोपली नाही. "तात्या, त्यो सोमलिंग डाव्या हातानं चुकतोय," एवढंच म्हणाली.

परतीची गाडी संध्याकाळी, म्हणून मी रविवारभर खालच्या कट्ट्यावर नाहीतर वर्गाच्या दारात बसून असायचो. अप्पा मधल्या सुट्टीत खाली यायचे आणि आम्ही चहा घ्यायचो. असंच एकदा मी विचारलं, की अप्पा, गाणंवाजवणं एकेकट्याला शिकवतात असं ऐकलं होतं. तुम्ही सगळ्यांना एकत्र कशाला बसवता?

अप्पांनी बशीतला चहा संपवला. मग सांगितलं.

त्यांनी जन्मभर पेटीची साथ केली. गाणारा पुढं, अप्पा मागं. जाहिरातीच्या कागदावर त्यांचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. तरुणपणी एकदाच, अक्कलकोटकडच्या एका सभेत, त्यांना एकट्याला पेटीवादनाला बसवलं. घरच्या मंडळींनी इस्त्रीचे कपडे घातले, सगळे पुढं बसले. दहा मिनिटं बरी गेली आणि मग अप्पांची सम हरवली. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, सगळ्यांनी फिरून एकत्र येण्याची जागा. ती सापडेना. तबलजी नावाजलेला होता. त्याला सगळं दिसत होतं. पण तो तोंड फिरवून आपलंच वाजवत राहिला.

"तात्या, माणसं एवढ्या जवळ बसलेली, आणि मी विहिरीत," अप्पा म्हणाले. "त्यानं नुस्ती मान हलवून सम दाखवली असती तर..." बशी उलटी करून ठेवली आणि जिना चढून वर गेले.

त्यानंतर मी वर्गाकडं निराळ्या डोळ्यांनी बघायला लागलो. तिथं तबलजीला गत, म्हणजे वाद्यावर वाजवायची बांधलेली चाल, गावी लागायची आणि बासरीवालीला तबल्याचे बोल म्हणावे लागायचे. आत येऊन बसायचं कसं, वाद्य मांडताना कुणाला पाय लागू द्यायचा नाही, सूर लावताना एकमेकांकडं बघायचं, संपल्यावर शेजाऱ्याच्या आधी उठायचं नाही, हे सगळं तिथं रियाजासारखं घोटून घेतलं जायचं. आणि एक खेळ होता. पोरं जिना चढून आली की अप्पा दारात प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून कानात काहीतरी पुटपुटायचे. बहुतेकांना ते "नीट बस" नाहीतर "केस बांध" असं काहीतरी सांगायचे. पण एकाला सांगायचे, "आज तू चुकायचं." कधी चुकायचं, कुठं चुकायचं, ते त्यानं ठरवायचं. बाकीच्यांनी वाजवणं न थांबवता त्याला ओळखायचं आणि परत समेवर आणायचं. थांबलं की खेळ हरला. चुकणाऱ्याकडं बघून हसलं तरी हरला.

सृष्टीला हा खेळ इतका आवडला, की वाडीत येऊन ती शेरडं वळताना तिच्या भावाला शिकवू लागली. पोरीच्या ओठांची थरथर कमी झाली. अजून एकटीनं वाजवायची वेळ आली की तिचा चेहरा उतरायचा, पण शेजारी पेटी असली की सूर यायचा.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला अप्पांनी सगळ्यांना सांगितलं, की धारवाडला लेकीनं त्यांच्यासाठी खोली बांधलीय. गुडघे आता जिना मानत नाहीत. शाळा सुरू व्हायच्या आत ते जाणार. त्याआधी मे महिन्यात एका संगीत मंडळाच्या सभेत पोरांना अर्धा तास मिळालाय.

"मी तुमच्यासंगं स्टेजवर बसणार न्हाई," अप्पा म्हणाले. "तुमचं तुमी वाजवलं तर सिद्धेश्वरी हा वर्ग चालवंल. मी घरमालकाशी बोललोय. न्हाई वाजवलं, तर किल्ली देऊन टाकतो. माझ्या मागं नुस्ती खोली राहून काय करायचंय?"



सुट्टी लागली तशी सृष्टी सिद्धेश्वरीच्या घरी राहायला आली, मीही एका नातलगाकडं मुक्काम टाकला. सभेच्या पंधरवडा आधी रिकाम्या सभागृहात तालीम ठरली. जाड पडदे, गुबगुबीत खुर्च्या, दार लावलं की बाहेरचा रिक्षाचा आवाजही आत येत नव्हता. पोरांनी भूप रागातली नेहमीची गत धरली. सुरुवात बरी झाली. मग लय जी पळत सुटली, ती कुणाला आवरेना. सतार मागं राहिली, बासरी मध्येच बंद पडली, सोमलिंग घामाघूम झाला आणि वाजवणं थांबलं.

"तू पळवलीस लय," तो सृष्टीवर ओरडला.

"मी कशाला पळवू? मी पेटीच्या मागं होते."

"मग पेटीनं पळवली."

"मी तबल्याच्या मागं होते," सिद्धेश्वरी म्हणाली.

"आणि मी पेटीच्या! म्हंजे एकमेकांच्या मागं गोल फिरत होतो काय बे आपण?"

सिद्धेश्वरी रडवेली झाली. "अप्पा, खरं सांगू? वर्गात मी कुणाच्याच मागं नसते. तिथं लय आपोआप बसती. हितं बसंना."

अप्पा उठले. "साकु," म्हणाले, म्हणजे पुरे, आणि पोरांना घरी पाठवलं. मी आणि ते चालत बोळात आलो. वरच्या खोलीत अप्पा माठातलं पाणी प्यायले आणि सतरंजीवर बसून राहिले. पलीकडं माग चालू होते. खट्याक फट्याक, खट्याक फट्याक. बऱ्याच वेळानं ते उठले आणि त्यांनी भिंतीला तळहात लावला.

"तात्या, हिकडं या. हात लावा हितं."

मी हात लावला. भिंत थरथरत होती. एक माग अगदी भिंतीला चिकटून असावा. त्याचा ठोका हातातून कोपरापर्यंत येत होता, एकसारखा, घड्याळासारखा. अप्पांनी दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरला. मागाचे दोन ठोके, त्यांची एक मात्रा. तिळभर इकडंतिकडं नाही.

"पोरं माझ्यामागं न्हवती, एकमेकांच्यामागं न्हवती," अप्पा म्हणाले. "ह्याला टेकून बसली होती. एवढी वर्षं आपल्या वर्गात एक वाद्य जास्तीचं होतं, आणि मी दर रविवारी दुसऱ्यांना विचारत होतो, शेजारी काय चाललंय!"

ते हसले. मला मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. सभा तोंडावर आलेली, जायचं ठरलेलं, आणि पोरांना अजून एकमेकांचा आधार घेता येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी वर्ग रोजचा केला आणि त्याची वेळ बदलली. कारखान्यातली सकाळची पाळी सुटायची आणि दुपारची चालू व्हायची, त्या मधल्या शांत वेळात, आणि कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ती रविवारी नसायची, तर पुरा दिवस. भर उन्हात पत्रा तापलेला, पंख्याची हवा गरम, आणि भिंतीपलीकडं चिडीचूप. पहिल्या दिवशी पोरांना ती शांतता सहनच होईना. सोमलिंग म्हणाला, "अप्पा, कान बधिर झाल्यासारखं वाटतंय." अप्पा म्हणाले, "आता उघडायलेत."

मग अप्पांनी दुसरं काम केलं. भिंतीपलीकडचा आवाज गेला तशी पोरं सारखी अप्पांच्या तोंडाकडं बघायला लागली होती. अप्पांची मान हलली की सम. हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आधी पोरांकडं पाठ केली. काही दिवसांनी ते दाराबाहेर बसले. मग जिन्यावर. शेवटी दुखऱ्या गुडघ्यांनी ते खाली कट्ट्यावर माझ्याशेजारी येऊन बसू लागले. दारात कानात सांगायचा खेळ तेवढा रोज चालू होता. तो उरकला की खाली.

वर वाजायला लागायचं. अप्पांची बोटं मांडीवर चालायची. मग वर काहीतरी बिघडायचं, भांडण ऐकू यायचं, सोमलिंगचा आवाज चढायचा. अप्पा कट्ट्याला हात लावून अर्धे उठायचे.

"जावा की वर," मी म्हणायचो.

"न्हाई." आणि परत बसायचे.

एका दुपारी असंच बिघडलं. आम्ही दोघं वर बघत बसलो. वर ओरडा झाला नाही. थोडा वेळ नुसता तबला वाजत राहिला, मग त्यात पेटी आली, मग सतार, आणि मग आमच्या पोरीची बासरी. सायकलवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "शेजारी काय चाललंय, सांगा बघू?" मी नुसतं वर बोट दाखवलं.

सभेच्या संध्याकाळी वाडीतून जोतिराम आणि त्याची बायको आली. जोतिरामनं बजावून ठेवलं होतं, "आज जर पोरगी रडली तर मी तशीच घिऊन जाणार." पडद्यामागं अप्पांनी नेहमीसारखा एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला, कानात काहीतरी सांगितलं आणि बाहेर प्रेक्षकांत येऊन मागच्या बाजूला, कडेच्या खुर्चीवर बसले. मी वाटेच्या पलीकडच्या खुर्चीवर होतो, जोतिराम माझ्या शेजारी. अप्पांच्या मांडीवर त्यांची कापडी पिशवी होती.

पडदा उघडला. पोरं गोल करून बसली होती, वर्गात बसायची तशी, अर्धा चेहरा आपल्याकडं, अर्धा एकमेकांकडं. भूप सुरू झाला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. लय पळाली नाही. पेटीवर सिद्धेश्वरी, सतारीवर शिवराज, एकेकाची पाळी येत गेली. मी जोतिरामकडं बघत नव्हतो. मला माहीत होतं, पुढची पाळी सृष्टीची.

तिनं बासरी ओठाला लावली आणि नुसती हवा आली.

तालाचं एक पूर्ण आवर्तन गेलं. पोरीचा चेहरा गॅदरिंगच्या दिवशी झाला होता तसा झाला. वाटेपलीकडं अप्पांची बोटं मांडीवर थांबली. ते खुर्चीच्या हाताला धरून अर्धे उठले, कट्ट्यावरून उठायचे तसेच. पण इथं जिना नव्हता, आणि त्यांना वर जाता येणार नव्हतं.

तेवढ्यात सोमलिंगनं सृष्टीकडं बघितलं. हसला नाही. त्यानं आपलं भारी वाजवणं सोडलं, साधा ठेका धरला आणि समेवर मान हलवून तिला जागा दाखवली. सिद्धेश्वरीनं पेटीवर चार सुरांचा एक लहान तुकडा वाजवला आणि अर्धाच सोडला. शिवराजनं सतारीवर तोच तुकडा घेतला आणि तोही तिथंच सोडला. सोमलिंगची मान परत हलली. पेटीनं परत विचारलं. आणि मग बासरीनं तो राहिलेला अर्धा तुकडा पुरा केला. बारीक, कापरा, पण पुरा. दुसऱ्या खेपेला तो कापरा नव्हता. तिसऱ्या खेपेला मला आमचा माळ दिसला.

माझ्या पुढचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "काय छान सवालजवाब बसवलाय पोरांनी!"

त्या रात्री जेवताना सोमलिंगनं विचारलं, "सृष्टी, अप्पांनी आज तुला चुकायला सांगितलंवतं न्हवं? मी लगेच वळखलं." सिद्धेश्वरीलाही तेच वाटलं होतं, शिवराजलाही. म्हणूनच कुणी घाबरलं नव्हतं. सृष्टी म्हणाली, "न्हाय. मला म्हणले, ओठ वले कर. मी ते इसरले." मग सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि सोमलिंगचा घास हातातच राहिला.

पण ते नंतर. सभागृहात तेव्हा गत शेवटाकडं निघाली होती. एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर उतरायचं असतं, तिहाई म्हणतात, तिची तयारी चालली होती. वर्गात ह्या जागेवर अप्पा नेहमी सम दाखवायला हात वर धरायचे. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी हात वर केला नव्हता. अर्धे उठले होते ते आता पुरे उठले. पिशवी खांद्याला अडकवली, खुर्चीखालच्या चपला पायांनी चाचपून घातल्या आणि खुर्च्यांमधल्या वाटेनं दाराकडं निघाले. एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत, दुखरा गुडघा सांभाळत. कुणी मान वळवली नाही, सगळे पुढं बघत होते.

बासरी वाजवणाऱ्याचे हात आणि ओठ गुंतलेले असतात, डोळे मोकळे असतात. सृष्टीनं त्यांना बघितलं. मी तिच्याकडं बघत होतो, म्हणून मला ते कळलं. तिची नजर त्या पांढऱ्या धोतराबरोबर हळूहळू मागं सरकत गेली, आणि सूर सिद्धेश्वरीच्या पेटीला धरून राहिला. जोतिरामनं माझा हात घट्ट पकडला होता. अप्पांनी दाराचा जाड पडदा बाजूला केला. बाहेरच्या दिव्याचा उजेड क्षणभर आत आला, त्यात त्यांची पाठमोरी आकृती दिसली, आणि पडदा परत जागेवर आला. आम्ही दोघं, मी खालून आणि पोरगी वरून, त्या हलणाऱ्या पडद्याकडं बघत होतो, तेव्हा सगळी वाद्यं एकदम समेवर उतरली.